समुद्रशेवाळाचा अर्क आणि साध्या पाण्याचं कंट्रोल

झेंडूवर समुद्रशेवाळाचा अर्क फवारल्याचे पेपर वाचताना आधी कंट्रोल बघा. बऱ्याचदा तिथे नुसतं पाणी असतं. फुलं वाढली, की श्रेय थेट सायटोकायनिनला! पण बाजारातले अनेक अर्क पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरून काढतात, म्हणजे फवाऱ्यातून पालाशही जातंच. मग फुलं वाढवली कोणी? पाण्याशी तुलना करून हे कळूच शकत नाही. तेवढंच पालाश असलेलं द्रावण किंवा त्याच अर्काची राख विरघळवलेलं पाणी, अशी एक ट्रीटमेंट जास्तीची हवी. (राखेत हार्मोन उरत नाहीत, क्षार उरतात; नत्रही उडून जातं, तेवढं ध्यानात ठेवा.) कुंड्या वाढतील, मान्य. पण सिनॉप्सिस लिहितानाच हे ठरवलं नाहीत, तर व्हायवात 'बायोस्टिम्युलंट' हा शब्द टिकवणं अवघड जाईल.