ठिणगी उडाली, पण केव्हा?

विज्ञान प्रदर्शनांत पेट्रोल इंजिनाच्या दोन तऱ्हेच्या प्रतिकृती आढळतात. एकीत स्पार्क प्लगच्या जागी टॉर्चचा बल्ब असतो. चाक फिरवले की तो ठरावीक जागी पेटतो. दुसरीत गॅस लायटरचा खटका बसवलेला असतो. तो दाबला की निळी ठिणगी उडते, बघणारे खूश होतात आणि परीक्षकांचे मनही तिकडेच झुकते. आम्हांला हा कौल पटत नाही.

लायटर सामान्य वस्तू आहे असे नाही. काही स्फटिकांवर दाब दिला की विद्युतभार निर्माण होतो, हे पिएर आणि झाक क्यूरी या भावांनी 1880 मध्ये दाखवले. लायटरमधली इवलीशी हातोडी तसाच गुण असलेल्या सिरॅमिकच्या तुकड्यावर आपटते आणि हजारो व्होल्ट मिळतात. बॅटरी नको, किंमत किरकोळ. घरगुती इंजिनासाठी मुठीत मावणारी ठिणगी शोधणारा विद्यार्थी त्याच्याकडे वळला तर नवल नाही.

पण मिनिटाला 3000 फेरे घेणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनाला सेकंदाला 50 ठिणग्या लागतात. मोकळ्या हवेत एक मिलिमीटरची फट ओलांडायला सुमारे 3000 व्होल्ट पुरतात; सिलिंडरात दाबलेल्या मिश्रणात त्याच्या कितीतरी पट लागतात. शिवाय मिश्रण जळायला वेळ लागतो, म्हणून दट्ट्या माथ्यावर पोचण्याच्या थोडे आधीच ठिणगी पडावी लागते. या वेगाला चाकाचे 20 अंश म्हणजे सेकंदाचा 900वा भाग! अंगठ्याने खटका दाबून हे कसे साधणार? बल्बाची ठिणगी खोटी असली तरी, त्याचे बटण चाकाला जोडलेले असेल तर, वेळ खरी असते. आम्ही गुण तिला देऊ.

दोन्ही गोष्टी खऱ्या असलेले यंत्र वाशीम जिल्ह्यातल्या धनजसारख्या गावात शेतकऱ्याच्या गोठ्यात टांगलेले सापडते: पाठीवरचा पेट्रोल फवारणी पंप. त्याच्या फ्लायव्हीलमध्ये चुंबक असतो, शेजारी कॉइल. चुंबक समोरून गेला की कॉइलच्या थोड्या वेढ्यांच्या वेटोळ्यात प्रवाह येतो. तो ऐन वेळी तोडला जातो आणि हजारो वेढ्यांच्या दुसऱ्या वेटोळ्यात प्लगपुरते व्होल्ट उठतात. हाच मॅग्नेटो. बॉशकडे काम करणाऱ्या गॉटलोब होनोल्ड यांनी 1902 मध्ये त्याचे उच्च दाबाचे रूप सिद्ध केले. 1972 मध्ये आलेली लुनाही त्याच तत्त्वावर धावली. "करंट येत नाही" म्हणत मिस्त्री प्लग काढतो, तेव्हा तो हीच साखळी तपासत असतो.

असा जुना, बंद पडलेला पंप शाळेत आणावा. टाकी पूर्ण रिकामी करावी, प्लग काढून बाजूला ठेवावा, दोरीचे झाकण उघडावे. प्लगच्या छिद्रात शीतपेयाची नळी सोडून फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवावे आणि चुंबक कॉइल सोडतो त्या क्षणी नळी किती वर आली आहे, ते मुलांना मोजू द्यावे.