उलटी बोहारीण

जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण शर्ट उजेडाकडे धरते, विरलेली जागा हुडकते आणि तोंड वाकडं करते. कॅनडा-अमेरिकेत तिचा धंदा एका दिवसात बसेल. तिथे बर्फावरच्या हॉकीत खेळाडूने खरोखर अंगात घातलेल्या जर्स्या जमवणारे रसिक आहेत, आणि विरलेली जागा दिसली की ते आपण होऊन भाव चढवतात. खेळाडूसाठी शिवली, नाव-नंबर लावला, पण तिच्यात तो सामना खेळलाच नाही, अशी कोरी करकरीत जर्सी त्यांच्या लेखी कमअस्सल.

हे लोक जर्सी पोथीसारखी वाचतात. मैदानाभोवतीच्या फळ्यांवर आदळून उठलेले ओरखडे, काठीला गुंडाळलेल्या काळ्या पट्टीचे फराटे, रबरी चकतीचा ठसा, आणि अर्थातच रफू. मारामारीत प्रतिस्पर्ध्याने जर्सी डोक्यावरून ओढू नये म्हणून पाठीमागे आतून एक पट्टा असतो, तो विजारीला अडकवतात. त्याचीही तपासणी होते. डाग जातील म्हणून संग्राहक जर्सी धूत नाहीत. (हे वाक्य घरात मोठ्याने वाचू नये. मुलं ऐकतात.)

आता जिथे डागाला दाम, तिथे नकली डाग आलेच. त्यावरचा उपाय मात्र मला मनापासून आवडला. सामन्याच्या वेळचा फोटो घ्यायचा, भिंग लावायचं आणि ओरखड्याशी ओरखडा जुळवायचा. जाळीदार कापडाच्या कितव्या छिद्रावर आकड्याचा कोपरा येतो, इथपर्यंत. चेकवरची सही नमुन्याशी ताडून पाहण्यात ज्याची उमेद गेली, त्याला यापुढे हात जोडावेसे वाटतात. नुसत्या दाखल्याच्या कागदापेक्षा हे शंभर पट बरं.

माझी तक्रार आहे ती वरच्या मजल्यावरच्या खरेदीबद्दल. 28 सप्टेंबर 1972 रोजी मॉस्कोत सोव्हिएत संघाविरुद्धच्या आठव्या, शेवटच्या सामन्यात 34 सेकंद उरले असताना पॉल हेंडरसनने गोल केला आणि कॅनडा 6-5 ने जिंकला. अंगावरची जर्सी त्याने पुढे संघाच्या सेवकाला देऊन टाकली. फुकट! 2010 साली लिलावात तिला दहा लाखांहून जास्त डॉलर आले. मिचेल गोल्डहार नावाच्या कॅनेडियन मॉलवाल्याने ती घेतली. आता तुम्हीच सांगा, इथे रफू कोण बघतो? ते 34 सेकंद विकत घेतले गेले, जर्सी त्यांचं वेष्टन.

वेन ग्रेट्झकीची गोष्ट थोडी वेगळी. लहानपणी तो मोठ्या मुलांत खेळायचा. स्वेटर ढगळ व्हायचा, म्हणून एका बाजूने विजारीत खोचून दिला. पुढे जगज्जेता झाला तरी उजवी बाजू खोचलेलीच! वाढत्या अंगाचे कपडे घालून मोठ्या झालेल्या आपल्या पिढीला हे वेगळं समजावून सांगायला नको. एडमंटनकडून 1988 साली तो जो शेवटचा सामना खेळला, त्यातली जर्सी 2022 मध्ये साडेचौदा लाख डॉलरना गेली. पण निदान या जर्सीत माणूस दिसतो.

खरी रसिकता मला दिसते ती स्वस्तातल्या खरेदीत. कुठल्या तरी बिननावाच्या बचावपटूने हंगामभर धक्के खाल्लेत, कोपराला चार ठिकाणी टाके आहेत, आणि कोणी गृहस्थ रात्री जागून प्रत्येक टाक्याचा सामना शोधतोय. हाच या छंदाचा अस्सल भाग. फक्त एक चुकल्यासारखं वाटतं. विक्रीच्या वर्णनात रफू किती आणि कुठे ते मोजलेलं असतं. पण दुसऱ्या दिवशीच्या सामन्यासाठी रात्री सुई-दोरा घेऊन बसलेल्या त्या सामानवाल्याचं नाव शोधून सापडत नाही. त्याच्या टाक्यांचा भाव घेतलाच आहे, तर खाली बारीक अक्षरात त्याचंही नाव छापायला शाईचा असा कितीसा खर्च येणार होता?