‘डोन्ट मेक मी थिंक’ आणि महाविद्यालयांची मराठी संकेतस्थळे : एक चिकित्सा

स्टीव्ह क्रुग यांचे ‘डोन्ट मेक मी थिंक’ हे छोटेखानी पुस्तक २००० मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले आणि २०१४ मध्ये त्याची तिसरी, सुधारित आवृत्ती निघाली. विमानाच्या एका प्रवासात वाचून संपावे एवढाच त्याचा आवाका लेखकाने जाणीवपूर्वक ठेवला आहे. संगणकशास्त्राच्या अभ्यासकांनी ते हाताळलेले असते. भाषा, ग्रंथालयशास्त्र वा समाजशास्त्राच्या प्राध्यापकांनी मात्र त्याकडे क्वचितच पाहिलेले असते. वास्तविक त्यातील मध्यवर्ती प्रश्न तांत्रिक नाही. वाचक मजकुराकडे कसा येतो आणि त्याला हवे ते कसे शोधतो, हा तो प्रश्न आहे. म्हणूनच महाविद्यालयीन संकेतस्थळांच्या संदर्भात या विचाराची तपासणी उपयुक्त ठरते.

क्रुग यांची मांडणी तीन निरीक्षणांवर उभी आहे. अभ्यागत पान वाचत नाही, ते चाळतो. समोरच्या पर्यायांतून तो सर्वोत्तम निवडत नाही, पहिला बरा वाटेल तो निवडतो. आणि यंत्रणा कशी चालते हे समजून न घेता तो कसेबसे काम निभावून नेतो. यातील दुसऱ्या निरीक्षणामागे हर्बर्ट सायमन यांची ‘पुरेशा समाधाना’ची संकल्पना आहे. पहिल्या निरीक्षणाला याकोब नील्सन यांच्या १९९७ च्या पाहणीचा आधार मिळतो. तीत ७९ टक्के सहभागी नवे पान केवळ नजरेने चाळत होते, तर शब्दन्‌शब्द वाचणारे १६ टक्के होते. हे आकडे वाचून ‘आजची पिढी वाचत नाही’ असा परिचित सूर लावण्याचा मोह होतो. पण तो येथे गैरलागू आहे. रेल्वेचे वेळापत्रक कोणीही पहिल्या ओळीपासून वाचत नाही. सूचनाफलकासमोर उभा राहिलेला विद्यार्थी आपल्या वर्गाचे नाव तेवढे शोधतो, हेही जुनेच आहे. क्रुग यांचे खरे योगदान असे की, त्यांनी दोष वाचकाकडून काढून रचनेकडे वळवला. वाट चुकणारा मूर्ख नसून वाटेवर पाटी नाही, ही त्यांची भूमिका आहे.

छापील ग्रंथाशी त्यांनी केलेली अप्रत्यक्ष तुलनाही विचारात घेण्याजोगी आहे. संकेतस्थळाला जाडी नसते, दिशा नसते, आपण नेमके कुठे आहोत याचे भान नसते. मराठी विश्वकोशाचा खंड हातात घेतला की तो केवढा आहे आणि नोंद वर्णानुक्रमात कुठे असेल, हे हाताला व डोळ्याला कळते. महाविद्यालयाचे माहितीपत्रक चाळले की शुल्काचा तक्ता शेवटी असतो, हे विद्यार्थ्याला ठाऊक असते. संकेतस्थळावर या साऱ्या खुणा मार्गदर्शक शब्दांनाच पुरवाव्या लागतात. नेमके इथे मराठीचा प्रश्न सुरू होतो, आणि क्रुग यांचे पुस्तक त्याविषयी मौन बाळगते.

शब्द नेमका कोणासाठी?

क्रुग प्रस्थापित संकेतांवर भर देतात. लोक इतर संकेतस्थळांवर जे पाहतात त्याचीच अपेक्षा घेऊन येथे येतात, तेव्हा विनाकारण वेगळेपणा नको. इंग्रजीत हा सल्ला निर्दोष आहे. मराठीत तो अडखळतो, कारण मराठी अभ्यागताची सवय बव्हंशी इंग्रजी पाट्यांवर घडलेली असते. ‘होम’ हा शब्द त्याला परिचित असतो. ‘मुख्यपृष्ठ’ त्याला क्षणभर थांबवते, आणि काही ठिकाणी त्याऐवजी ‘मुखपृष्ठ’ छापलेले आढळते, जे खरे तर पुस्तकाचे असते. ‘प्रवेश’ या शब्दाची अवस्था अधिक गंभीर आहे. महाविद्यालयात ‘प्रवेश’ म्हणजे ॲडमिशन. परंतु लॉग-इन या क्रियेसाठीही अनेकदा ‘प्रवेश’ किंवा ‘प्रवेश करा’ असेच लिहिले जाते. बारावी उत्तीर्ण होऊन प्रथम वर्षाची चौकशी करणारा विद्यार्थी ‘प्रवेश’वर बोट ठेवतो आणि त्याच्यापुढे वापरकर्त्याचे नाव व परवलीचा शब्द मागणारी चौकट उभी राहते. हा विद्यार्थी विचार करत नाही असे नाही. पण त्याचा विचार अस्थानी खर्च होतो. (‘संकेतस्थळ’ हा शब्दही जुन्या काव्यपरंपरेत प्रेमिकांच्या ठरलेल्या भेटीची जागा दाखवतो. एक पक्ष येतो आणि दुसरा येत नाही, हा अनुभव तिथेही होताच.)

यावर ‘इंग्रजी शब्दच देवनागरीत ठेवावेत’ असा उपाय सुचवला जातो. तो अर्धाच खरा आहे. ‘लॉग-इन’, ‘डाउनलोड’ हे शब्द रुळले आहेत आणि त्यांना प्रतिशब्द देण्याचा अट्टहास अभ्यागताच्या हिताचा नाही. परंतु ‘शिष्यवृत्ती’, ‘वेळापत्रक’, ‘निकाल’, ‘उत्तरपत्रिका’ हे शब्द बोलण्यात जिवंत आहेत. तिथे इंग्रजी शब्द लादणे हीच कृत्रिमता ठरेल. निकष शुद्धतेचा नसून बोलण्यातील वापराचा असावा. कार्यालयाच्या खिडकीपाशी विद्यार्थी जो शब्द उच्चारतो, तोच पाटीवर हवा.

शोधाच्या चौकटीत ही अडचण अधिक खोल जाते. मराठीत विभक्तिप्रत्ययापूर्वी शब्दाचे सामान्यरूप होते. ‘परीक्षा’ हा शब्द टंकला असता केवळ अक्षरे जुळवणाऱ्या यंत्रणेला ‘परीक्षेचे वेळापत्रक’ हे शीर्षक सापडत नाही, कारण मूळ शब्दातील शेवटचा ‘आ’ तेथे उरलेला नसतो. त्यात अनेक विद्यार्थी ‘परिक्षा’ असे ऱ्हस्व लिहितात. मराठीच्या प्राध्यापकांना हे खटकणे स्वाभाविक आहे. तथापि अशुद्ध शब्द टंकणाऱ्याला शुद्ध शब्द असलेले पान दाखवणे म्हणजे अशुद्धतेला मान्यता देणे नव्हे. ग्रंथपाल हेच रोज करत असतात. आणखी एक अडचण डोळ्यांना दिसतही नाही. ‘ॲ’ हे अक्षर स्वतंत्र संकेतांकासह युनिकोडमध्ये २००८ च्या ५.१ आवृत्तीत आले. त्यापूर्वी आणि त्यानंतरही ते ‘अ’वर चंद्र देऊन टंकले जाते. दोन्ही रूपे पडद्यावर सारखीच दिसतात, यंत्राला मात्र ती भिन्न वाटतात. ‘दुसऱ्या’मधील अर्ध्या ‘र’चीही हीच कथा आहे. वाचकाच्या सवयींचा विचार करणारे कोणतेही इंग्रजी पुस्तक या अडचणींपर्यंत पोहोचत नाही, याचा दोष त्या लेखकांना देता येत नाही. हे काम मराठीच्या अभ्यासकांचे होते.

बांधलेला अभ्यागत

क्रुग यांच्या विवेचनात अभ्यागताच्या सद्भावनेचा एक साठा कल्पिला आहे. प्रत्येक अडथळ्यागणिक तो आटतो आणि अखेर अभ्यागत निघून जातो. ही कल्पना बाजारपेठेतील संकेतस्थळांना चपखल लागू पडते, कारण तेथे दुसरे दुकान एका टिचकीवर असते. महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला मात्र दुसरीकडे जाता येत नाही. परीक्षेचा अर्ज भरण्यासाठी त्याला तेच संकेतस्थळ उघडावे लागते. ते कितीही गैरसोयीचे असो. साठा आटला तरी संस्थेला त्याची झळ लागत नाही. झळ लागते ती विद्यार्थ्याला: मुदत टळते, विलंब शुल्क भरावे लागते, शिष्यवृत्तीचा अर्ज राहून जातो. क्रुग यांचे शहाणपण अशा ठिकाणी केवळ नीतिबोध बनून राहते, कारण ते अंमलात आणण्यास भाग पाडणारा दबावच तेथे नसतो.

दबाव असतो तो वेगळ्या दिशेने. ‘नॅक’च्या २०१७ च्या सुधारित मूल्यांकन पद्धतीत कागदोपत्री पुराव्याला मोठे स्थान मिळाले आणि त्यातील बरेच पुरावे महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर ठेवून त्यांचे दुवे देणे आवश्यक झाले. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नेही स्वतःहून माहिती प्रकट करण्याचे बंधन घातले आहे. या अपेक्षा रास्त आहेत. पारदर्शकतेला विरोध करण्याचे कारण नाही. पण त्यातून संकेतस्थळाचा गृहीत वाचक बदलला. काही वर्षांतून एकदा येणारे मूल्यमापक मुख्य अभ्यागत ठरले आणि दर आठवड्याला येणारा विद्यार्थी गौण ठरला. निकषांच्या क्रमांकांप्रमाणे लावलेली पानांची उतरंड हा त्याचा पुरावा आहे. समितीला ती सोयीची असेल, परंतु ‘निकष ५’ या पाटीखाली आपली शिष्यवृत्ती दडली आहे हे विद्यार्थ्याला कसे कळावे?

अमेरिकन व्यंगचित्रकार रँडल मन्रो यांनी ‘एक्सकेसीडी’ या आपल्या चित्रमालिकेत २०१० मध्ये हीच विसंगती दोन वर्तुळांत रेखाटली होती. एकात विद्यापीठांच्या पहिल्या पानावर असलेल्या गोष्टी: परिसराची छायाचित्रे, अध्यक्षांचे पत्र, ध्येयधोरणे. दुसऱ्यात लोक शोधत येतात त्या: प्राध्यापकांचे दूरध्वनी, अर्ज, शैक्षणिक दिनदर्शिका, उपयोगी नकाशा. दोहोंत समाईक काय, तर संस्थेचे पूर्ण नाव. प्राचार्यांचे मनोगत आणि सरकता छायाचित्रपट्टा पाहिलेल्या मराठी वाचकाला हे व्यंग परके वाटणार नाही.

सूचनाफलकाची सवय पडद्यावर कशी उतरली, हे पाहणे येथे उद्बोधक ठरते. कागदी सूचनेला अधिकार येतो तो सही-शिक्क्याने. म्हणून सूचना टंकली जाते, छापली जाते, तिच्यावर सही होते आणि मग तिचे स्कॅन केलेले चित्र पीडीएफ म्हणून चढवले जाते. अक्षरे असलेला मजकूर अशा रीतीने पुन्हा चित्र बनतो. तो शोधात येत नाही, मोबाइलच्या पडद्यावर बोटांनी ताणून वाचावा लागतो, आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या वाचक-प्रणालीला त्यात काहीच सापडत नाही. शिवाय ‘नवीन’ असे लुकलुकणारे चिन्ह आणि सरकत जाणाऱ्या ओळी असतातच. आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून अधिक काळ इतर मजकुरासोबत हलणारा मजकूर थांबवण्याची सोय असावी, ही अट २००८ च्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता निर्देशांत अगदी प्राथमिक स्तरावर आहे. सहीचा मान राखूनही हे टाळता येते: चित्राशेजारी तोच मजकूर युनिकोडमध्ये ठेवला, की काम भागते.

क्रुग यांचा सर्वांत व्यवहार्य सल्ला चाचणीविषयीचा आहे. तीन माणसे बोलवावीत, त्यांना एक काम द्यावे आणि मध्ये न बोलता पाहत राहावे. नील्सन यांनी २००० मध्ये पाच जणांचा हिशेब मांडला होता: एक व्यक्ती सरासरी ३१ टक्के दोष उघड करते असे धरले, तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के दोष सापडतात. महाविद्यालयाला यासाठी वेगळी तरतूद लागत नाही. अभ्यागत आवारातच असतात. मात्र हा हिशेब अभ्यागत एकसारखे असतील तरच खरा, आणि भिन्न गट असल्यास प्रत्येकाची चाचणी वेगळी घ्यावी हे नील्सन यांनीच नमूद केले आहे. संगणकशास्त्र विभागातील तीन विद्यार्थी बसवले, तर संकेतस्थळ निर्दोष ठरण्याचीच शक्यता अधिक. मराठी माध्यमातून आलेली, घरातील एकमेव मोबाइल भावंडांबरोबर वाटून घेणारी कला शाखेची विद्यार्थिनी, कामावरून सुटल्यावर अर्ज भरणारा बहिःस्थ परीक्षार्थी आणि पाल्याच्या शुल्काची चौकशी करणारे पालक, अशी निवड केली तर निष्कर्ष वेगळे निघतील. त्यांना कामही साधेच द्यावे: पुढील परीक्षेच्या अर्जाची अंतिम तारीख शोधून दाखवा. त्यांचे बोट प्रथम कुठे जाते आणि कोणत्या शब्दापाशी थबकते, हे टिपण्यासाठी संगणकतज्ज्ञाइतकाच भाषेचा प्राध्यापक शेजारी बसलेला असावा.