‘ल माँ’: शर्यतीवर विश्वास ठेवणारा चित्रपट

पोर्शेच्या खिडकीतून दिसणारी फ्रान्समधली शांत पहाट, रिकामे रस्ते, बाजारात फुलं घेणारी एक स्त्री. मग गाडी रस्त्याकडेला थांबते आणि चालक लोखंडी कठड्याकडे पाहत राहतो. मागच्या वर्षी इथेच अपघात झाला होता. ती स्त्री त्या अपघातात गेलेल्या चालकाची विधवा आहे. ‘ल माँ’ (१९७१) हे सगळं आपल्याला जवळजवळ एकही शब्द न उच्चारता कळवतो. अर्धा तास उलटून गेला तरी पात्रांमध्ये खरा संवाद होत नाही. ल माँच्या चोवीस तासांच्या मोटार शर्यतीचे नियम आणि तिचा इतिहास शर्यतीच्या मैदानावरच्या ध्वनिवर्धकावरून ऐकू येतात. माहिती देण्याची इतकी स्वाभाविक युक्ती मी क्रीडापटांत क्वचितच पाहिली आहे.

दुपारचे चार वाजत येतात. चालक पट्टे आवळून गाड्यांत बसलेले असतात. गर्दीचा गलका ओसरतो आणि कानांवर फक्त हृदयाचे ठोके पडतात. कॅमेरा एकेका चेहऱ्यावरून घड्याळाकडे जातो, पुन्हा चेहऱ्यांकडे येतो. मग सगळी इंजिनं एकदम गरजतात. आधीची शांतता इतकी लांबवलेली असते, म्हणूनच ती गर्जना थेट छातीत शिरते. पुढे पोर्शे ९१७ आणि फेरारी ५१२ या गाड्यांचे आवाज पार्श्वसंगीताची जागा घेतात. मिशेल लग्राँ यांचं संगीत गरजेपुरतंच येतं आणि बाजूला होतं.

यातला बराचसा वेग खराखुरा आहे. १९७० च्या प्रत्यक्ष शर्यतीत निर्मात्यांनी कॅमेरे बसवलेली पोर्शे ९०८ उतरवली होती. हेर्बर्ट लिंग आणि जोनाथन विल्यम्स ती चालवत होते. एरवी वाहतुकीसाठी खुल्या असणाऱ्या रस्त्यावरून जाणारा म्युल्सानचा लांबलचक सरळ पट्टा, काचेवर फुटणारे पावसाचे थेंब, रात्री अंधारातून अचानक उगवणारे दिवे हे सगळं चालकाच्या उंचीवरून दिसतं. या अस्सलपणाची किंमतही मोठी होती. चित्रीकरणाच्या वेळी झालेल्या अपघातात डेव्हिड पायपर या चालकाला एका पायाचा गुडघ्याखालचा भाग गमवावा लागला. श्रेयनामावलीत त्यांचे आभार मानले आहेत.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो नायकाचा अपघात. स्टीव्ह मॅक्वीनचा डिलेनी दूर जळणाऱ्या फेरारीकडे क्षणभर पाहतो, आणि तेवढी नजर हटणं पुरतं. पोर्शे कठड्यावर आदळते, उलट्या बाजूला फेकली जाते, तिच्या चिंधड्या होतात. इथे दुसरा एखादा दिग्दर्शक लगेच रुग्णवाहिकेकडे वळला असता. इथे मात्र डिलेनी मोडक्या गाडीत तसाच बसून राहतो, आणि तोच अपघात तुकड्यातुकड्यांनी, संथ गतीत पुन्हा दिसतो. माणसाचं मन घडून गेलेला क्षण असाच उलटसुलट चाचपतं. स्वतःची चूक नेमकी कुठे झाली, हे डिलेनी शोधतो आहे. त्याबद्दल तो अवाक्षर बोलत नाही आणि मॅक्वीनच्या चेहऱ्यावरही फारसं काही हलत नाही, तरी सगळं समजतं.

उणीव आहे ती डिलेनी आणि त्या विधवेच्या नात्यात. एल्गा अँडरसनने ती भूमिका संयमाने केली आहे, पण तिला करायला पुरेसं दिलेलं नाही. ‘द ग्रेट एस्केप’चे दिग्दर्शक जॉन स्टर्जेस यांनी हा चित्रपट अर्ध्यात सोडला आणि ली कॅट्झिन यांनी तो पूर्ण केला. पटकथेची ओढाताण या प्रसंगांत जाणवते. तिकीटबारीवरही चित्रपटाने निराशाच केली.

शेवट मात्र धाडसी आहे. पुन्हा संधी मिळालेला डिलेनी अखेरच्या फेऱ्यांत स्वतः जिंकण्यासाठी धावत नाही. फेरारीतल्या स्टालर या प्रतिस्पर्ध्याला तो रोखून धरतो, म्हणून त्याचाच सहकारी पहिला येतो आणि डिलेनी दुसरा. एवढ्या मोठ्या नटाने, स्वतःच्याच निर्मितीसंस्थेच्या चित्रपटात, नायकाला दुसऱ्या क्रमांकावर ठेवलं, याचा मला मनापासून आदर वाटतो.

हा चित्रपट पाहाल तेव्हा आवाज मोठा ठेवा, आणि पहिला अर्धा तास मुळीच पुढे ढकलू नका.