खर्ज सोडून मिळवलेले यश : बेस गिटारच्या एकलवादनाविषयी

बेस गिटारचे एकलवादन म्हणून गेल्या काही वर्षांत जे ऐकवले जाते, त्याचा फार मोठा भाग या वाद्याने स्वतःचाच आवाज टाकून देऊन मिळवलेल्या टाळ्यांचा आहे. मिनिटभराच्या चित्रफितींत दिसणारी बोटांची चपळाई थक्क करते, परंतु चित्रफीत संपल्यावर एखादी चाल, एखादी स्वरसंगती किंवा एखादी रचना कानांत उरत नाही. हा दोष केवळ वादकांच्या हौसेचा नाही, त्यामागे यंत्राचे एक साधे कारण आहे. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत खालची मोकळी तार सुमारे ४१ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला एक्केचाळीस कंपनांना लावलेली असते, आणि मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरमधून हा मूळ नाद जवळजवळ बाहेरच पडत नाही. मूळ नादासोबत त्याच्या पटीत उमटणाऱ्या उपस्वरांवरून कान त्याचा अंदाज बांधतो, इतकेच. ज्याचे वादन मोबाईलवरच ऐकले जाणार आहे तो वादक हळूहळू वरच्या तारांकडे आणि वरच्या फ्रेटांकडे, म्हणजे गळ्यावरील स्वरांच्या पट्ट्यांकडे, सरकत जातो यात नवल नाही. पण अशा वेळी वाद्याने काय वाजवावे हे कलावंताऐवजी स्पीकर ठरवू लागतो.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात तर या वाद्याची दुहेरी कोंडी झालेली आहे. येथे शिकणाऱ्या मुलाला बेस गिटारचे एकलवादन भेटते ते मोबाईलवर, आणि खालचा नाद भेटतो तो मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीतून. पहिल्या ठिकाणी स्वर आहे पण खोली नाही; दुसऱ्या ठिकाणी खोली आहे पण स्वर नाही, कारण तेथे खालचा नाद छातीवर बसणाऱ्या ठोक्यापुरताच उरतो आणि तो षड्ज आहे की पंचम, हे कोणालाच सांगता येत नाही. लग्नसराईतल्या ऑर्केस्ट्रांतही बेसचे काम बहुतेक वेळा कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातावर सोपवून मोकळे होण्याची रीत पडली आहे.

१९५१ साली लिओ फेंडर यांनी हे वाद्य बाजारात आणले तेव्हा ते साथीसाठीच होते. त्याला एकट्याने बोलते करणाऱ्यांत जॅको पास्टोरियस यांचे स्थान वादातीत आहे. त्यांच्या १९७६ च्या पहिल्या अल्बममध्ये एक रचना केवळ कोंगा या ढोलवर्गीय वाद्याच्या सोबतीने वाजवलेली आहे, तर ‘पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी’ ही रचना तारेला हलका स्पर्श करून काढलेल्या उपस्वरांवर उभी आहे. व्हिक्टर वूटन यांचा १९९६ चा ‘अ शो ऑफ हँड्स’ हा प्रामुख्याने एकट्या बेसचा अल्बमही या वाटेवरचा मोठा टप्पा होय. त्यानंतर आलेल्या अनुकरणाच्या लाटेविषयी मात्र फार लिहिण्याजोगे नाही. अंगठ्याने तार ठोकायची आणि बोटाने उपटायची, ही ‘स्लॅप’ पद्धत आज बहुतेकांच्या हाती कवायत झाली आहे. दोन्ही हातांनी गळ्यावर बोटे आपटण्याचे ‘टॅपिंग’ वाद्याला दुय्यम दर्जाचा पियानो करून सोडते. आणि वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा ऐकवणारे ‘लूपर’ हे पेडल रचनेचा आभास निर्माण करते, रचना नव्हे.

खर्जात राहूनच एकलवादन उभे करण्याचा प्रश्न ज्याने खऱ्या अर्थाने सोडवला, तो वादक बेस गिटारचा नव्हताच. उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर (१९२९–१९९०) हे रुद्रवीणावादक, म्हणजे बीनकार, धृपदाच्या घराण्यातले. मुंबईत राहिलेले आणि पनवेलजवळ पळस्पे येथे गुरुकुल उभारणारे. त्यांनी आपल्या बीनचे भोपळे मोठे केले, दांडी अधिक जाड केली, तारा जाड लावल्या, आणि उजव्या हाताच्या बोटांत नखी न घालता उघड्या बोटांनी वादन केले. या प्रत्येक बदलाचा हेतू एकच होता : मंद्र आणि अतिमंद्र सप्तकांतला, म्हणजे मधल्या सप्तकाखालच्या दोन सप्तकांतला, स्वर दीर्घकाळ टिकावा आणि त्याच्यावर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड जाण्याची क्रिया, पूर्ण वजनाने घेता यावी. त्यांच्या आलापात एखादा कोमल ऋषभ षड्जाकडे उतरताना जो वेळ घेतो, तेवढ्या वेळात आजचा बेसवादक गळ्याची दोन टोके गाठून परत आलेला असतो; आणि तरीही श्रोत्याचे लक्ष ढळत नाही, कारण त्या उतरण्यातच रागाची सगळी वाढ सामावलेली असते. खालचा स्वर सावकाश वाढतो, सावकाश विरतो, आणि म्हणून त्याला घाई सोसत नाही, हे ध्वनीचे वास्तव त्यांनी अडचण न मानता शैलीचा पाया मानले. त्यांचे पुत्र बहाउद्दीन डागर आजही ही परंपरा चालवत आहेत. मुंबई-पनवेलच्या परिसरात एवढे मोठे उदाहरण घडलेले असताना येथील बेसवादकांनी गुरू शोधण्यासाठी केवळ परदेशी चित्रफितींकडे पाहावे, ही खेदाची गोष्ट आहे.

हा संबंध ओढूनताणून जोडलेला नाही. बेस गिटारच्या तारा मध्यमाच्या अंतराने लावतात, म्हणजे प्रत्येक तार खालच्या तारेचा मध्यम असते. सर्वांत जाड तारेच्या वरची ५५ हर्ट्झची तार षड्ज मानली, तर सर्वांत जाड तार आपोआप मंद्र पंचम होते. उरलेल्या दोन तारा प्रत्येकी एका पूर्ण स्वराने चढवल्या, तर चारही तारा पंचम-षड्ज-पंचम-षड्ज अशा मिळतात. त्यासाठी वरच्या दोन तारा थोड्या बारीक घ्याव्या लागतात, एवढीच तोशीस. फ्रेट नसलेल्या, म्हणजे ‘फ्रेटलेस’ बेसवर बोट घसरवून सरोदसारखी घसीट येते, आणि गळ्याच्या जवळ तार छेडली की गोल, ब्रिजच्या म्हणजे घोडीच्या जवळ छेडली की टोकदार आवाज मिळतो. एवढ्या सामग्रीवर मालकंसासारख्या पंचमवर्ज्य रागासाठी पंचमाच्या तारा मध्यमाला उतरवून तासभराचा आलाप उभा करता येतो.

साथीची सोबतही दूर शोधावी लागत नाही. बीनच्या जोडीला परंपरेने पखवाज असतो, आणि संत नामदेवांचे जन्मस्थान मानल्या जाणाऱ्या, कयाधू नदीकाठच्या नर्सीच्या परिसरात पखवाज ही भजन-कीर्तनातली रोजची गोष्ट आहे. वादनापूर्वी पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओल्या कणकेचा गोळा थापला जातो, तो बोटांनी पसरत, कमी-जास्त करत नाद हवा तितका खाली आणला जातो, आणि वादन संपल्यावर ती कणीक खरवडून काढली जाते. खालच्या नादाची इतकी बारीक जाण ज्या हातांना आहे, ते हात बेस गिटारला ड्रमसेटपेक्षा अधिक चांगले ओळखतील.

खरा वाद मात्र वादनशैलीचा नसून रचनेचा आहे. जे साथीचे वाद्य एकलवादनाला उभे राहिले, ते वेगामुळे राहिले नाही. पंडित रामनारायण यांनी सारंगीला गायकाच्या मागून काढून मंचाच्या मध्यभागी आणले ते विलंबित आलापाच्या बळावर. तबल्याचे एकलवादन टिकले ते पेशकार, कायदा, रेला, गत अशा पिढ्यान्‌पिढ्या रचल्या गेलेल्या आणि पाठ केल्या गेलेल्या वाङ्मयामुळे. बेस गिटारकडे असे वाङ्मय आपल्याकडे नाही, आणि ते नाही याला चित्रपटसंगीताची व्यवस्थाही जबाबदार आहे. मुंबईच्या ध्वनिमुद्रणांत बेसवादकांनी असंख्य गाण्यांचा पाया घातला, पण तबकडीवर त्यांची नावे सहसा छापली गेली नाहीत, आणि रचनेचा मान त्यांच्या वाट्याला आला नाही. त्या ध्वनिमुद्रणांत बेस वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये दहा रागांवर आधारलेला स्वतःचा अल्बम केला, तेव्हा त्यातला खर्ज ‘टीबी-३०३’ या यंत्राकडून वाजवून घेतला, जे बेसवादकाची जागा भरून काढण्यासाठीच बनवलेले होते. अल्बम काळाच्या फार पुढचा होता. परंतु बेसवादकाने रचनाकार होताना स्वतःचे वाद्य खाली ठेवले, ही त्यातली हानीही नोंदवली पाहिजे. मुंबईच्या मोहिनी डे यांनी २०२३ मध्ये स्वतःच्या नावाने अल्बम काढला, त्याचे मोल या पार्श्वभूमीवर मोठे आहे. त्यांच्या वेगाचीच चर्चा सर्वत्र होते, पण महत्त्वाचे हे की बेसवादक तेथे स्वतःच्या रचनांचा मालक आहे. पुढच्या कामात त्यांनी खालच्या दोन तारांना अधिक वेळ द्यावा, ही अपेक्षा त्यांच्या क्षमतेमुळेच करता येते.

बेस गिटार परकीय आहे, त्यावर राग वाजवणे हा खटाटोप आहे, असा आक्षेप जाणकार म्हणवणारे घेतात. व्हायोलिनही परकेच होते, वि. गो. जोग आणि पुढे द. के. दातार यांनी ते आपले केले. पेटीही परकीच, गोविंदराव टेंबे यांनी तिला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा दिली आणि मराठवाड्यातल्याच आप्पा जळगावकरांनी ती उंचीवर नेली. वाद्याचे मूळ कोठले हा प्रश्न मराठी संगीताने केव्हाच निकालात काढला आहे, आणि तो बेस गिटारपुरता पुन्हा उकरून काढण्याला कोणताही सांगीतिक आधार नाही. त्याहून चुकीचा आक्षेप असा, की केवळ खर्जात वाजणारे वाद्य तासभर ऐकायला श्रोता बसणार नाही. बीन ऐकायला श्रोता बसतो, याचा पुरावा ध्वनिमुद्रणांत उपलब्ध आहे.

हिंगोली, कळमनुरी किंवा वसमतच्या ज्या तरुणाच्या हाती आज बेस गिटार आहे, त्याने वर्षभर बाराव्या फ्रेटच्या वर जाऊ नये, एक राग घ्यावा, त्यात स्वतःच्या चार बंदिशी बांधाव्यात आणि गावातल्या पखवाजियाबरोबर त्या बसवाव्यात. गणेशोत्सवाच्या आणि दसऱ्याच्या कार्यक्रमांचे आयोजन करणाऱ्यांनी या जोडीला एक पूर्ण तास द्यावा, आणि त्या तासापुरते ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्याला मिक्सरवरचा ठोका कमी करून स्वर ऐकू येईल एवढाच आवाज ठेवायला सांगावे.