सीटवरून दिसणारं शहर

ॲमस्टरडॅमला आल्यावर तिसऱ्या दिवशी मी एक जुनी सायकल विकत घेतली आणि दहाच मिनिटांत कालव्याच्या पुलावरून खाली येताना ब्रेक शोधायला लागलो. हँडलला ब्रेकच नव्हता. इथल्या बऱ्याच सायकलींना पेडल उलटं दाबलं की ब्रेक लागतो. दुकानदारानं तसं सांगितलंही होतं, पण पायांना पुण्याची सवय. मागून दोन घंट्या वाजल्या, एक बाई डचमध्ये काहीतरी बोलून गेल्या. अर्थ कळायची गरज नव्हती.

त्या आठवड्यात रोज रात्री मी डेव्हिड बर्नचं ‘बायसिकल डायरीज’ (2009) वाचत होतो. बर्न म्हणजे ‘टॉकिंग हेड्स’ या बँडचा गायक. 1980च्या दशकाच्या सुरुवातीपासून तो न्यूयॉर्कमध्ये सायकल चालवतोय. पुढे गाण्याच्या दौऱ्यांवरही तो घडीची सायकल सोबत न्यायला लागला. बर्लिन, इस्तंबूल, ब्युनोस आयरिस, मनिला, सिडनी, लंडन अशा शहरांत फिरताना जे दिसलं आणि सुचलं, ते या पुस्तकात आहे. ॲमस्टरडॅमवर वेगळं प्रकरण नाही. तरी नव्या शहरातल्या पहिल्या दिवसांसाठी याहून चांगली सोबत मला सुचली नसती.

कारण पुस्तकाचं मूळ निरीक्षण खरं आहे. सायकल चालण्यापेक्षा वेगवान, गाडीपेक्षा सावकाश, आणि सीटवर बसलं की नजर थोडी उंच जाते. एवढ्यानं शहर बदलतं. मी रस्ता चुकलो तेव्हा थेट राइक्सम्युझियमच्या इमारतीखालून जाणाऱ्या रस्त्यात शिरलो. डोक्यावर जगप्रसिद्ध चित्रं आणि खाली ऑफिसला निघालेली माणसं. सेंट्रल स्टेशनच्या मागे सायकलसकट फुकट पलीकडे नेणारी बोट आहे, हेही चुकतच कळलं. मेट्रोनं गेलो असतो तर आठवड्याभरात मला फक्त स्टेशनं पाठ झाली असती.

माझं भांडण बर्नच्या पुढच्या पायरीशी आहे. तो म्हणतो, शहर म्हणजे तिथल्या माणसांच्या खोलवरच्या, अनेकदा नकळत असलेल्या धारणांचं बाहेर आलेलं रूप. त्यामुळे रस्ता बघायचा आणि त्यावरून तिथल्या माणसांचं मन ओळखायचं, ही त्याची पद्धत. ब्युनोस आयरिस सपाट आहे, हवा बरी आहे, मग इथे कुणी सायकल का चालवत नाही, असा प्रश्न त्याला पडतो. प्रश्न उत्तम आहे, पण पाहुण्याला त्याचं उत्तर सीटवरून मिळत नाही.

ही पद्धत मी ॲमस्टरडॅमला लावून पाहिली. लाल डांबराच्या सायकल-वाटा, मुलांना पुढच्या खोक्यात बसवून जाणारे आईबाप, सूट घालून पेडल मारणारे साहेब. निष्कर्ष सोपा होता : डच माणसाच्या रक्तातच सायकल आहे. पहिल्या आठवड्यात घरी फोनवर मी हेच सांगत होतो.

ते चूक होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर इथेही मोटारी वाढल्या, चौक पार्किंगनं भरले आणि सायकली कमी होत गेल्या. 1971 साली नेदरलँड्समध्ये रस्त्यांवर 3,000हून जास्त माणसं मेली, त्यांत 400हून जास्त मुलं होती. मग ‘मुलांच्या हत्या थांबवा’ अशा नावाची चळवळ उभी राहिली, लोक रस्त्यावर उतरले. 1973च्या तेलटंचाईत रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या. मी ज्या लाल वाटेवरून मजेत जातो, ती कुणाच्या रक्तातून आलेली नाही. लोकांनी ती मागून, भांडून मिळवली आणि ती बांधायला सरकारला भाग पाडलं. सीटवरून वाट दिसते, हे भांडण दिसत नाही.

हे मला इतकं लागलं, त्याचं कारण घरचं आहे. माझे बाबा चिंचवडहून भोसरीच्या एमआयडीसीत सायकलनं जायचे. मी शाळेत असताना त्यांनी स्कूटर घेतली, पेढे वाटले आणि सायकल भंगारात दिली. सायकल म्हणजे गरिबी, ती टाकली की माणूस वर आला, असाच अर्थ मी इतकी वर्षं लावत होतो. थोडा रागही होता. परवा व्हिडिओ कॉलवर त्यांना माझी सायकल दाखवली आणि विचारलं, “बाबा, तुम्ही तुमची का विकली?” ते म्हणाले, “अरे, रस्ता रुंद केला ना. ट्रकच्या कडेला जागाच उरली नव्हती. तुझी आई रोज दारात उभी राहायची.”

म्हणजे मीही बर्नसारखंच केलं होतं. समोरच्या माणसाचं मन वाचलं, त्याच्या पायाखालचा रस्ता वाचलाच नाही.

याला उत्तर बर्नच्याच पुस्तकात आहे. न्यूयॉर्कच्या प्रकरणात त्याचा सूर बदलतो. ते त्याचं स्वतःचं शहर. तिथे तो मनाचे अंदाज बांधत बसत नाही. वाटा कुठे हव्यात, सायकल लावायची कुठे, असं विचारतो. 2008 साली त्यानं तिथे सायकल-स्टँड डिझाइन केले. वॉल स्ट्रीटला डॉलरच्या चिन्हाचा, फिफ्थ ॲव्हेन्यूला उंच टाचेच्या बुटाचा. गंमत आहेच, पण सायकलीला कुलूप लावायला लोखंडही आहे. मनिलाच्या प्रकरणात मात्र इमेल्डा मार्कोसची गोष्ट इतकी पसरते की सायकल कुठे राहिली ते कळत नाही.

नव्या शहरात जाणार असाल तर पुस्तक जरूर वाचा, फक्त न्यूयॉर्कचं प्रकरण आधी वाचा. आणि पहिल्या आठवड्यात मनसोक्त भटका, पण “इथली माणसं अशीच असतात” हे वाक्य निदान तेवढे दिवस तरी घरी फोनवर सांगू नका. मी सांगितलं होतं. आता प्रत्येक कॉलला दुरुस्ती करतोय.