बौद्धिक संपदेतील ‘संपदा’ : दिल्ली विद्यापीठ छायाप्रत खटल्याच्या अनुषंगाने एक चिकित्सा

प्रस्तावना :
मानवी बुद्धीतून निर्माण झालेल्या कृतीवर कायद्याने बहाल केलेला अनन्य हक्क म्हणजे बौद्धिक संपदा हक्क होय. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली आणि ट्रिप्स करारामुळे हा विषय भारतीय शैक्षणिक वर्तुळात विशेष चर्चिला जाऊ लागला. तथापि या चर्चेत हक्कांच्या संरक्षणावर जितका भर दिला जातो, तितका त्यांच्या मर्यादांवर दिला जात नाही. ‘संपदा’ या शब्दामुळे होणारा हा एकांगी समज कितपत ग्राह्य आहे, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

संकल्पनेचे स्वरूप :
एकाने कसलेले शेत त्याच वेळी दुसऱ्याला कसता येत नाही. निबंधाचे तसे नसते; एकाने तो वाचला म्हणून दुसऱ्याच्या वाट्याचा निबंध कमी होत नाही. म्हणजेच बौद्धिक कृतीची दुर्मीळता नैसर्गिक नसून कायद्याने निर्माण केलेली असते. कॉपीराइट अधिनियम, १९५७ मधील कलम १६ नुसार कायद्याच्या तरतुदींबाहेर असा कोणताही हक्क अस्तित्वात नाही. शिवाय हा हक्क मुदतबंद आहे. साहित्यकृतीच्या बाबतीत तो लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षे, तर पेटंटच्या बाबतीत अर्ज दाखल केल्यापासून २० वर्षे टिकतो. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स (१९७८) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कल्पनेवर नव्हे, तर तिच्या अभिव्यक्तीवरच हक्क असतो, हे स्पष्ट केले. सबब हा हक्क मालकीपेक्षा समाजाने विशिष्ट हेतूने दिलेल्या सवलतीशी अधिक जवळचा ठरतो.

खटल्याचा आशय :
२०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज व टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठ आणि त्याच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस यांच्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला. अभ्यासक्रमातील निवडक प्रकरणांच्या छायाप्रतींचे संच तेथे विकले जात होते. सप्टेंबर २०१६ मध्ये एकल न्यायपीठाने दावा फेटाळला. कलम ५२(१)(आय) नुसार अध्यापनाच्या ओघात शिक्षक वा विद्यार्थ्याने केलेली प्रत हा हक्कभंग नव्हे, आणि अध्यापन केवळ वर्गातील व्याख्यानापुरते मर्यादित नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. डिसेंबर २०१६ मध्ये खंडपीठाने ही तात्त्विक भूमिका मान्य केली; मात्र संचातील मजकूर अध्यापनासाठी आवश्यक होता काय, हा वस्तुस्थितीचा प्रश्न पुन्हा सुनावणीसाठी पाठविला. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

या प्रकरणातील एक बाब विशेष लक्षणीय आहे. ज्यांचे लेखन त्या संचांत समाविष्ट होते, अशा अनेक अभ्यासकांनीच दाव्यास जाहीर विरोध दर्शविला. निर्माता आणि हक्काचा मालक हे एकच असतात, हे गृहीतक येथे कोसळते. लेखक करारान्वये हक्क प्रकाशकाकडे सोपवितो. त्यानंतर संरक्षण मिळते ते बुद्धीला नव्हे, तर गुंतवणुकीला.

निर्णयाची चिकित्सा :
असे असले तरी हा निर्णय निःशंकपणे स्वीकारण्याजोगा नाही. एक विद्यार्थी ३०-४० संदर्भग्रंथ विकत घेण्याची शक्यताच नसल्याने प्रकाशकाची बाजारपेठ बुडत नाही, असा युक्तिवाद खंडपीठाने केला. महागड्या इंग्रजी ग्रंथांतील एखाद्या प्रकरणाबाबत तो पटण्यासारखा आहे. परंतु मराठीतील क्रमिक पुस्तकाची परिस्थिती वेगळी आहे. त्याचा वाचक म्हणजे तो विषय शिकणारा विद्यार्थीच. त्याखेरीज त्याला फारसे गिऱ्हाईक नसते. असे पुस्तक अथपासून इतिपर्यंत झेरॉक्स करून वाटले, तर पुढील आवृत्ती निघणार नाही आणि मराठीतून उच्च शिक्षण देण्याचे साधनच आटेल. ‘अध्यापनासाठी आवश्यक’ हा निकष या दोन परिस्थितींत आपोआप भेद करीत नाही. दावा मागे घेतला गेल्याने त्या निकषाची पुराव्यावर पारख व्हायची ती राहूनच गेली.

निष्कर्ष :
बौद्धिक संपदा हा निसर्गदत्त हक्क नसून ज्ञानवृद्धीसाठी योजलेले साधन आहे, हे या निर्णयाने ठसविले, ही त्याची मोलाची बाजू होय. परंतु साधन म्हटले की त्याची कसोटी परिणामावर लागते. विद्यार्थ्यापर्यंत ज्ञान पोहोचणे आणि त्या भाषेत पुढील ग्रंथ लिहिला जाणे, हे दोन्ही परिणाम एकत्र तपासले पाहिजेत. कायद्याने टक्केवारी ठरवून दिलेली नाही. त्यामुळे कोणते प्रकरण संचात घ्यावे आणि कोणते पुस्तक ग्रंथालयासाठी विकत घ्यावे, हा विवेक प्राध्यापकवर्गावरच येऊन पडतो. कायद्याने दिलेली सूट टिकवायची असेल, तर हा विवेक अभ्यासमंडळांनी व विभागांनी स्वतःहून लिखित स्वरूपात मांडणे अगत्याचे आहे.